निर्णय सार्वजनिक असेल, तर त्यामागची आज्ञावलीही सार्वजनिक हवी

हवेतील धूलिकण वाढले की मृत्यू किती वाढतात, सरकारचे कर्ज कुठवर गेले की अर्थव्यवस्थेची वाढ मंदावते, लस किती लोकांपर्यंत पोहोचली, अटकेत असलेली व्यक्ती सुटल्यावर पुन्हा गुन्हा करील का, असे प्रश्न आज संख्याशास्त्रीय मॉडेलांना विचारले जातात, आणि त्यांची उत्तरे धोरणांत, न्यायालयांत आणि वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानांवर वापरली जातात. वाचकापर्यंत पोहोचतो तो एक आकडा किंवा एक आलेख. हा आकडा कुणी थेट मोजलेला नसतो. हजारो-लाखो नोंदींवर सॉफ्टवेअरच्या साहाय्याने मॉडेल बसवून तो काढलेला असतो. मूळ नोंदी आणि छापलेला आकडा यांच्या दरम्यान विश्लेषकाने कितीतरी निवडी केलेल्या असतात. कोणत्या नोंदी ठेवल्या, कोणत्या वगळल्या, रिकाम्या रकान्यांचे काय केले, कोणते चल (वय, उत्पन्न यांसारखे बदलणारे घटक) मॉडेलमध्ये घेतले, कुणाला किती भार दिला, गणित कुठे थांबवले, आलेखाचा अक्ष कुठून कुठपर्यंत काढला, यांपैकी बहुतेक गोष्टींचा अहवालात उल्लेखही नसतो. त्या पूर्णपणे लिहिलेल्या सापडतात त्या केवळ विश्लेषणाच्या आज्ञावलीत, म्हणजे विश्लेषकाने संगणकाला लिहून दिलेल्या आज्ञांत. म्हणून माझे म्हणणे असे आहे की, ज्या मॉडेलच्या आधारे सार्वजनिक निर्णय घेतला जातो त्याची आज्ञावली, आणि गोपनीयतेच्या मर्यादेत त्याचा डेटाही, निर्णयासोबतच प्रसिद्ध झाला पाहिजे. संशोधकाच्या सौजन्यावर ही गोष्ट सोडू नये. निर्णय ग्राह्य धरण्याची ती अट असावी.

या विषयातले सर्वांत गाजलेले उदाहरण कर्ज आणि आर्थिक वाढ यांच्या संबंधाचे आहे. कारमेन राइनहार्ट आणि केनेथ रोगॉफ या नामवंत अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये असे मांडले की, ज्या वर्षांत प्रगत देशांचे सरकारी कर्ज सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ९० टक्क्यांहून अधिक होते, त्या वर्षांतली त्यांची सरासरी वाढ उणे ०.१ टक्का होती. युरोप आणि अमेरिकेत सरकारी खर्चाला कात्री लावण्याच्या बाजूने हा निष्कर्ष वारंवार पुढे केला गेला. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्नडन या विद्यार्थ्याला मात्र उपलब्ध माहितीवरून तो आकडा पुन्हा काढता येईना. मागणी केल्यावर मूळ लेखकांनी आपली एक्सेलची फाइल दिली, आणि तीत काय आढळले ते हर्नडन, मायकेल अ‍ॅश आणि रॉबर्ट पोलिन यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केले. सरासरीच्या सूत्रात पाच देशांच्या ओळी आल्याच नव्हत्या. काही देशांची महायुद्धानंतरची काही वर्षे, माहिती उपलब्ध असूनही, हिशेबाबाहेर राहिली होती. शिवाय प्रत्येक देशाला समान भार दिल्यामुळे न्यूझीलंडचे एकच वर्ष, ज्यात त्या देशाची अर्थव्यवस्था ७.६ टक्क्यांनी आकुंचन पावली होती, ब्रिटनच्या १९ वर्षांच्या बरोबरीने मोजले गेले होते. या तिन्ही गोष्टी बदलल्यावर उणे ०.१ च्या जागी २.२ टक्के हा आकडा आला.

या प्रकरणाची बातमी जगभर ‘एक्सेलमधली चूक’ म्हणून गेली, आणि माझ्या मते त्यामुळे त्यातला महत्त्वाचा भाग झाकला गेला. सूत्रातल्या चुकीचा वाटा तिन्हींत लहान होता. मोठा फरक पडला तो काय वगळायचे आणि कुणाला किती भार द्यायचा या निर्णयांमुळे, आणि भाराच्या बाबतीत तर चूक हा शब्दही सहज लागू होत नाही. देश हे एकक मानावे की वर्ष, यावर दोन जाणकार प्रामाणिकपणे वेगळी मते देऊ शकतात, आणि मूळ लेखकांनी आपल्या पद्धतीचे समर्थनही केले. परंतु आकडा उणे येतो की अधिक, हेच ज्या निवडींवर अवलंबून होते त्या निवडी, तो आकडा भाषणांत वापरणाऱ्या मंत्र्यांना, तो छापणाऱ्या पत्रकारांना आणि त्याच्या आधारे झालेली खर्चकपात सोसणाऱ्या नागरिकांना तीन वर्षे तपासता येत नव्हत्या. फाइल मागितली गेली आणि लेखकांनी ती दिली, म्हणून त्या उघड झाल्या. त्यांनी नकार दिला असता तर वाद कदाचित तिथेच थांबला असता.

दोष एक्सेलसारख्या सर्वसाधारण साधनाचा आहे, खरे संख्याशास्त्रीय सॉफ्टवेअर वापरले की प्रश्न सुटतो, असे म्हणणारे पुष्कळ भेटतात. त्यांनी धूलिकणांच्या अभ्यासाचा इतिहास पाहावा. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील संशोधकांनी अमेरिकेतील ९० मोठ्या शहरांच्या नोंदींवरून हवेतील धूलिकण आणि दैनंदिन मृत्यू यांचा संबंध मोजला होता. त्यासाठी त्यांनी ‘जनरलाइज्ड अ‍ॅडिटिव्ह मॉडेल’ हा प्रकार वापरला. ऋतू आणि तापमान यांचा मृत्युसंख्येवरचा परिणाम सरळ रेषेत नसतो, म्हणून त्यांच्यासाठी लवचीक वक्ररेषा बसवायच्या आणि तो परिणाम वजा जाता धूलिकणांचा म्हणून काय उरतो ते पाहायचे, अशी त्याची रीत आहे. हे गणित एका फेरीत सुटत नाही. सॉफ्टवेअर आधी एक अंदाज करते, तो सुधारते, पुन्हा सुधारते, आणि लागोपाठच्या दोन फेऱ्यांमधला फरक ठरावीक मर्यादेखाली गेला की थांबते. एस-प्लस या सॉफ्टवेअरमध्ये ही मर्यादा, वापरकर्त्याने वेगळे काही सांगितले नाही तर, एक हजारांश धरलेली होती. परिणाम मोठे असतात तिथे तेवढी अचूकता पुरेशी ठरते. धूलिकणांचा परिणाम मात्र एका टक्क्याच्याही अंशात मोजायचा होता, आणि तिथे सॉफ्टवेअर खऱ्या उत्तरापर्यंत पोहोचण्याआधीच थांबत होते. २००२ मध्ये हे लक्षात आले. धूलिकण दर घनमीटरमागे १० मायक्रोग्रॅमने वाढले तर मृत्यू ०.४१ टक्क्याने वाढतात, हा आधीचा अंदाज मर्यादा कडक केल्यावर ०.२७ वर आला, आणि वक्ररेषा बसवण्याची वेगळी पद्धत वापरल्यावर ०.२१ वर.

प्रदूषण आणि मृत्यू यांचा संबंध यामुळे नाहीसा झाला नाही, हे तितक्याच ठामपणे सांगितले पाहिजे. ही त्रुटी स्वतः संशोधकांनीच जाहीर केली आणि सगळे गणित पुन्हा केले, हेही नोंदवण्याजोगे आहे. विज्ञान असेच चालावे. पण जवळपास निम्मा झालेला हा आकडा कोट्यवधी लोकांना लावला, तर त्यातून निघणाऱ्या मृत्यूंच्या अंदाजात केवढी तफावत पडते याचा विचार करावा. ही तफावत निर्माण करणारी निवड अभ्यास करणाऱ्यांनी केलेलीच नव्हती. ती कितीतरी आधी, दुसऱ्या प्रकारचे प्रश्न डोळ्यांपुढे ठेवून, सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांनी केली होती. अशा डिफॉल्ट मूल्यांशिवाय कोणतेही सॉफ्टवेअर वापरणे शक्य नाही, आणि ती निवडणारे लोक सहसा विचारपूर्वकच निवडतात. अडचण एवढीच, की ज्याने आकडा वापरला त्याला ती माहीत नसतात, आणि ज्याने आकडा काढला त्यालाही पुष्कळदा नसतात. आर या संख्याशास्त्रीय संगणकभाषेत साधे रिग्रेशन, म्हणजे एका चलाचा इतरांशी असलेला संबंध मोजणारे मॉडेल, बसवताना एखाद्या ओळीतला मॉडेलला लागणारा एक रकाना जरी रिकामा असला, तरी सहसा ती पूर्ण ओळ हिशेबातून गळते. निकालाच्या सारांशात खाली किती ओळी गळल्या ते छापले जाते, पण अहवालाच्या सुबक तक्त्यात ती माहिती क्वचितच उतरते. उत्पन्नाचा रकाना रिकामा ठेवणारी माणसे उरलेल्यांसारखीच असतात, असे मानायला काही आधार नसतो. तरीही ती वगळून काढलेला निष्कर्ष सर्वांना लावला जातो.

आलेखाबाबत आपण अधिकच निर्धास्त असतो, कारण आलेखात सगळे डोळ्यांसमोर आहे असे वाटते. आलेख काढलाच पाहिजे, याबद्दल दुमत असू नये. फ्रान्सिस अ‍ॅन्स्कम यांनी १९७३ मध्ये प्रत्येकी अकरा बिंदूंचे चार संच रचून दाखवले, ज्यांची सरासरी आणि प्रचरण (आकड्यांचा सरासरीभोवतीचा पसारा) जवळजवळ सारखे, सहसंबंध चौघांचाही सुमारे ०.८१६, आणि बसवलेली सरळ रेषाही एकच. आलेख काढल्यावर पहिल्यात रेषा खरोखर शोभते, दुसऱ्यात बिंदू वक्राकार आहेत, तिसऱ्यात एकच बिंदू रेषेला आपल्याकडे ओढतो, आणि चौथ्यात एक बिंदू काढला तर रेषेला काही अर्थच उरत नाही. मॉडेल बसवण्याआधी आणि बसवल्यानंतर डेटा पाहावा, ही शिकवण संख्याशास्त्राच्या प्रत्येक विद्यार्थ्याला मिळते ती या उदाहरणातून.

अकरा बिंदू पाहणे आणि एक कोटी बिंदू पाहणे या मात्र वेगळ्या गोष्टी आहेत. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर सुमारे २० लाख ७३ हजार पिक्सेल असतात. एक कोटी नोंदी त्यावर बिंदूंच्या रूपाने मांडल्या तर त्या एकमेकींवर चढतात आणि एक काळा डाग उरतो, ज्यात शंभर नोंदींची जागा आणि दहा हजार नोंदींची जागा सारखीच दिसते. यावर उपाय आहेत. बिंदू पारदर्शक करता येतात, आलेखाचे क्षेत्र षटकोनी खान्यांत विभागून प्रत्येक खान्यातली गर्दी रंगाने दाखवता येते, किंवा थोड्याच नोंदींचा नमुना घेता येतो. पण प्रत्येक उपाय म्हणजे आणखी एक निवड. रंगपट्टी सरळ प्रमाणात ठेवली तर विरळ भाग पार्श्वभूमीत विरून जातो. ती लॉगरिदमच्या प्रमाणात, म्हणजे प्रत्येक पायरीला ठरावीक पट वाढणारी, ठेवली तर तोच विरळ भाग ठळक होतो. एखाद्या औषधाच्या दुर्मीळ दुष्परिणामांचा शोध चालू असेल, तर सगळा प्रश्न त्या विरळ भागाचाच असतो. दोन्ही आलेख एकाच डेटाचे आणि दोन्ही खरे, परंतु ते पाहणारी समिती वेगवेगळ्या निष्कर्षांवर पोहोचेल.

सॉफ्टवेअरच्या खोलात गेले की अशा जागा आणखी दिसतात. आरमधील जीजीप्लॉट-२ या आलेख काढण्याच्या अतिशय लोकप्रिय पॅकेजला बिंदूंमधून गुळगुळीत रेषा काढायला सांगितली, तर नोंदी हजारापेक्षा कमी असताना ते एक पद्धत वापरते आणि त्याहून अधिक असताना दुसरी. रेषेभोवतीचा करडा पट्टा सरासरीबद्दलची अनिश्चितता दाखवतो. बहुसंख्य व्यक्ती या पट्ट्यात येतात असा त्याचा अर्थ नाही, पण सर्वसामान्य वाचक तो तसाच घेतो. नोंदी लाखोंनी असल्या की हा पट्टा रेषेइतका बारीक होतो आणि माणसामाणसांतला प्रचंड फरक दृष्टीआड करून एका नेमक्या नियमाचा आभास निर्माण करतो. त्याच पॅकेजमध्ये अक्षाची मर्यादा एका आज्ञेने घातली तर फक्त दृश्य जवळ येते, आणि दुसऱ्या आज्ञेने घातली तर मर्यादेबाहेरच्या नोंदी आधी काढून टाकल्या जातात व रेषा उरलेल्यांवर बसते. विश्लेषकाच्या पडद्यावर त्याबद्दल इशारा येतो. छापील आलेखावर तो नसतो, आणि दोन आलेखांपैकी आपल्यासमोरचा कोणता, हे आज्ञावली पाहिल्याखेरीज ओळखण्याचा भरवशाचा मार्ग नाही.

वगळलेल्या नोंदी आलेखाचा अर्थ किती बदलू शकतात, याचे सर्वांत वेदनादायक उदाहरण चॅलेंजर अंतराळयानाचे आहे. २८ जानेवारी १९८६ रोजी उड्डाणानंतर काही क्षणांत ते यान नष्ट झाले आणि सात अंतराळवीर मृत्युमुखी पडले. आदल्या रात्री तापमान आणि रॉकेटच्या सांध्यांतील रबरी कड्यांची इजा यांचा संबंध चर्चिला गेला होता. ज्या उड्डाणांत इजा झाली तेवढीच उड्डाणे तापमानाप्रमाणे मांडली तर स्पष्ट कल दिसत नाही. अपघाताची चौकशी करणाऱ्या रॉजर्स आयोगाने आपल्या अहवालात इजा न झालेली उड्डाणेही त्याच आलेखावर मांडली, आणि चित्र पालटले. ६५ अंश फॅरनहाइटपेक्षा थंड हवेत झालेल्या चारही उड्डाणांत कड्यांना इजा झाली होती, आणि त्याहून उबदार हवेतल्या सुमारे वीस उड्डाणांपैकी फक्त तिनांत. त्या दिवशीचे तापमान गोठणबिंदूच्या आसपास होते, म्हणजे आधीच्या कुठल्याही उड्डाणापेक्षा खूपच कमी. ‘शून्य इजा’ असलेल्या नोंदींतून काही कळत नाही, ही समजूत वरवर पटण्याजोगी आहे. म्हणूनच ती एकट्या विश्लेषकाच्या नजरेतून सुटते, आणि म्हणूनच ती आणखी कुणाला तरी दिसेल अशी सोय हवी.

यावर एक नेहमीचे उत्तर असे मिळते की, आता डेटा इतका प्रचंड आहे की अशा बारीकसारीक निवडींचे परिणाम त्यात बुडून जातात. वस्तुस्थिती याच्या उलट आहे. नमुन्यातला योगायोगाचा दोष नोंदी वाढल्या की घटतो. नमुना कसा निवडला गेला यातला दोष घटत नाही, उलट त्याच्यावरचा आपला विश्वास वाढत जातो. अमेरिकेत २०२१ च्या वसंतात कोविडच्या लसीकरणाचा अंदाज घेणारी काही सर्वेक्षणे एकाच वेळी चालू होती. त्यांपैकी फेसबुकच्या माध्यमातून होणाऱ्या सर्वेक्षणात दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोक उत्तरे देत. लस घेतलेल्यांचे प्रमाण त्यात मे महिन्यात सरकारी नोंदींपेक्षा १७ टक्के अंकांनी जास्त आले. जेमतेम हजारभर लोकांचे, पण काळजीपूर्वक निवडलेल्या नमुन्याचे एक सर्वेक्षण वस्तुस्थितीच्या कितीतरी जवळ होते. त्या वर्षाअखेरीस ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या विश्लेषणात असे दाखवले गेले की, या कामापुरती त्या अडीच लाख उत्तरांची किंमत यदृच्छेने निवडलेल्या दहा माणसांच्या उत्तरांइतकीच होती. तरीही अडीच लाखांवर काढलेली त्रुटीची मर्यादा कागदावर अत्यंत अरुंद दिसते. अशा मोठ्या डेटावर मॉडेल बसवले की जवळजवळ प्रत्येक चल ‘सांख्यिकीय दृष्ट्या लक्षणीय’, म्हणजे केवळ योगायोगाने आला नसावा असा, ठरतो, आणि अहवालात त्यासाठी तारांकित केलेल्या आकड्यांकडे पाहून शंका घेण्याचे धैर्य फार थोड्यांना होते.

शिवाय निवडींचा प्रश्न दुर्लक्षाचा किंवा अज्ञानाचाच असतो असेही नाही. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात ६१ विश्लेषकांच्या २९ गटांना एकच डेटा आणि एकच प्रश्न देण्यात आला. फुटबॉलमधील पंच गडद वर्णाच्या खेळाडूंना गोऱ्या खेळाडूंपेक्षा अधिक वेळा लाल कार्ड दाखवतात का, असा तो प्रश्न होता. २० गटांना लक्षणीय संबंध आढळला, ९ गटांना आढळला नाही, आणि संभाव्यतेच्या गुणोत्तराचे (ज्यात १ म्हणजे काहीच फरक नाही) अंदाज ०.८९ पासून २.९३ पर्यंत पसरले होते. कुणी बेइमानी केली नव्हती. प्रत्येक गटाची पद्धत समर्थनीय होती. हा प्रयोग मला या संपूर्ण वादात सर्वांत महत्त्वाचा वाटतो, कारण सार्वजनिक धोरणांच्या बाबतीत २९ गट नसतात. बहुतेक वेळा एकच गट असतो, त्याचा एकच आकडा असतो, आणि तोच ‘डेटा काय सांगतो’ या शब्दांत जनतेपुढे ठेवला जातो. उरलेल्या २८ वाटा कोणत्या होत्या हे पाहायचे असेल, तर निदान चाललेली वाट तरी पूर्णपणे दिसली पाहिजे.

चाळीस वर्षांपूर्वी ही मागणी फारशी अर्थपूर्ण ठरली नसती. आज्ञावली छापली असती तरी ती चालवायला लागणारे यंत्र आणि परवाना मोजक्या संस्थांकडेच होता. आज परिस्थिती अगदी वेगळी आहे. जॉन चेंबर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७६ मध्ये बेल प्रयोगशाळेत सुरू केलेल्या एस भाषेच्या धर्तीवर ऑकलंड विद्यापीठात रॉस इहाका आणि रॉबर्ट जेंटलमन यांनी आर भाषा घडवली. तिची १.० ही आवृत्ती २९ फेब्रुवारी २००० रोजी आली, आणि ती १९९५ पासून मुक्त व विनामूल्य आहे. पायथनची मॅटप्लॉटलिब, पांडाज यांसारखी साधनेही तशीच आहेत. साध्या लॅपटॉपवर एखादा विद्यार्थी आज असे विश्लेषण पुन्हा चालवू शकतो, जे एकेकाळी संशोधनसंस्थांनाच शक्य होते. तपासण्याची क्षमता समाजात पसरली आहे. तपासायचे साहित्य मात्र अजून कपाटात आहे.

या मागणीवरचा सर्वांत गंभीर आक्षेप गोपनीयतेचा आहे, आणि तो खरा आहे. नाव आणि पत्ता काढून टाकला की माणूस अनामिक होतो, हा समज लटान्या स्वीनी यांनी १९९० च्या दशकातच खोडून काढला. जन्मतारीख, लिंग आणि टपाल विभाग यांच्या आधारे त्यांनी ‘अनामिक’ आरोग्य नोंदींतून मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरच्या नोंदी शोधून काढल्या होत्या. रुग्णांच्या, करदात्यांच्या किंवा शाळकरी मुलांच्या मूळ नोंदी संकेतस्थळावर ठेवाव्यात असे मी मुळीच म्हणत नाही. परंतु गोपनीयता नोंदींना असते, आज्ञावलीला नसते. आज्ञावली पूर्ण प्रसिद्ध करावी, तिच्यासोबत खऱ्या नोंदींसारख्या रचनेचा पण कल्पित असा लहान डेटा द्यावा म्हणजे ती चालवून पाहता येईल, आणि मूळ नोंदींपर्यंत नियंत्रित दालनात, देखरेखीखाली, स्वतंत्र तपासनिसांना जाऊ द्यावे. यांतल्या अनेक गोष्टी आजही काही देशांच्या सांख्यिकी यंत्रणा करतात. ‘डेटा नाजूक आहे’ या कारणाने आज्ञावलीही रोखली जाते, तेव्हा गोपनीयतेचा आधार चुकीच्या गोष्टीसाठी घेतला जात असतो.

व्यापारी गुपिताचा आक्षेप मला तितका आदरणीय वाटत नाही. अमेरिकेत आरोपी पुन्हा गुन्हा करील का याचा गुणांक देणारे कॉम्पास हे खासगी सॉफ्टवेअर न्यायालये वापरतात. त्याचे सूत्र आपल्याला पाहता येत नाही, ही एका आरोपीची तक्रार २०१६ मध्ये विस्कॉन्सिनच्या सर्वोच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने काही इशारे जोडून त्याचा वापर कायम ठेवला. दोन वर्षांनी जूलिया ड्रेसेल आणि हनी फरीद यांनी दाखवून दिले की, व्यक्तीचे वय आणि आधीच्या शिक्षांची संख्या या दोनच चलांवर बसवलेले साधे मॉडेल तितकीच अचूकता गाठते. म्हणजे ज्या गुपितासाठी आरोपीचा जाणून घेण्याचा हक्क दुय्यम मानला गेला, त्या गुपिताने भाकितात मोजता येण्याजोगी भर घातल्याचे दिसले नाही. माणसाच्या स्वातंत्र्याचा निर्णय ज्या सूत्राच्या आधारे होतो, ते सूत्र विकणाऱ्याला ते उघड करायचे नसेल, तर न्यायालयाने ते विकत घेऊ नये. यात मला कुठलीही गुंतागुंत दिसत नाही.

उरतो तो गैरवापराचा आक्षेप: उघड केलेल्या आज्ञावलीतून किरकोळ त्रुटी शोधून विरोधक संपूर्ण निष्कर्ष बदनाम करतील. असे घडते, हे मान्य केले पाहिजे. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या गटाने मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीबद्दल जे भाकीत केले, त्यामागची आज्ञावली मूळची इन्फ्लुएन्झासाठी तेरा-एक वर्षांपूर्वी लिहिलेली आणि पुरेशा टिपणांविना होती. ती सुधारून एप्रिलच्या अखेरीस प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या मांडणीवर कठोर टीका झाली आणि काहींनी तेवढ्यावरून भाकीतच निकालात काढले. पण लगेचच केंब्रिज विद्यापीठातील स्टीफन एग्लन यांनी ती स्वतंत्रपणे चालवून पाहिली आणि मूळ अहवालाचे मुख्य निष्कर्ष तिच्यातून पुन्हा निघतात असे नोंदवले. ते मॉडेल नोंदींवर बसवलेले रिग्रेशन नव्हते, संगणकात रचलेल्या कृत्रिम लोकसंख्येवर साथ चालवून पाहणारे अनुकरण (सिम्युलेशन) होते. तरी मुद्दा तोच राहतो. आज्ञावली आधीपासूनच खुली असती, तर ऐन संकटात तिच्या नीटनेटकेपणावर भांडण्याऐवजी तिच्यातल्या गृहीतकांवर चर्चा झाली असती, आणि धोरणासाठी तीच चर्चा आवश्यक होती. पुन्हा तोच आकडा निघाला म्हणजे तो बरोबर आहे असे सिद्ध होत नाही, याचीही जाणीव ठेवावी लागते. आकडा कुठून आला हे नक्की होते, आणि बरोबर की चूक याची चर्चा तिथून सुरू होऊ शकते.

खुलेपणाची सक्ती करायचीच, तर तिच्यात एक तांत्रिक बाब विसरून चालणार नाही. सॉफ्टवेअर बदलत राहते. २०१९ मध्ये आलेल्या आरच्या ३.६.० आवृत्तीत यदृच्छ नमुना काढण्याची रीत बदलली, त्यामुळे तीच आज्ञावली आणि तीच बीजसंख्या (यदृच्छ निवड जिथून सुरू होते तो आकडा) देऊनही जुन्या आणि नव्या आवृत्तीत वेगळा नमुना निघू शकतो. एप्रिल २०२० मधील ४.०.० आवृत्तीत मजकुराच्या रकान्यांना गटवाचक मानण्याचे जुने डिफॉल्ट रद्द झाले, आणि कित्येक जुन्या आज्ञावल्या त्यामुळे अडखळल्या. हे दोन्ही बदल योग्यच होते. पण दहा वर्षांपूर्वीच्या एखाद्या निर्णयाची छाननी करायची वेळ आली, तर त्या दिवशी कोणती आवृत्ती, कोणती पॅकेजे, कोणती बीजसंख्या आणि डेटाची कोणती प्रत वापरली होती हे ठाऊक असल्याशिवाय आज्ञावली हाती असूनही उपयोग होणार नाही. म्हणून या सर्व गोष्टी निर्णयाच्या तारखेनिशी एकत्र जपण्याची जबाबदारी मॉडेल बनवणाऱ्या विभागाकडे न ठेवता सार्वजनिक अभिलेखागाराकडे द्यावी, निर्णय अमलात असेपर्यंत आणि त्याविरुद्ध दाद मागण्याची मुदत संपेपर्यंत ती त्याच्यावर बंधनकारक असावी, आणि कुणीही नागरिक कारण न सांगता त्याची प्रत मागू शकेल अशी तरतूद कायद्यात असावी.